लिनक्समधील उर्वरित पॅकेजांची साफसफाई

लिनक्समधील उर्वरित पॅकेजे म्हणजे कार्यप्रणालीची जुनी आवृत्ती बदलून नवी आवृत्ती बसवल्यानंतर संगणकात मागे राहिलेली पॅकेजे होत. यांतील काहींची नव्या आवृत्तीला गरज उरलेली नसते, काही नव्या आवृत्तीच्या भांडारात उपलब्धच नसतात, तर काही काढून टाकली गेली असली तरी त्यांच्या मांडणीच्या फायली शिल्लक असतात. अशी पॅकेजे शोधून व पारखून काढण्याच्या कामाला आवृत्तीबदलानंतरची साफसफाई असे म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, आर्च अशा सर्व प्रमुख वितरणांत हे काम करावे लागते. भारतात सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली बॉस ही डेबियनवर आधारित कार्यप्रणालीही त्याला अपवाद नाही.

पॅकेज व्यवस्थापक उर्वरित पॅकेजांची यादी आपोआप तयार करू शकतो. मात्र ती यादी त्याच्याकडील नोंदींवरून बनते. वापरकर्ता एखादे पॅकेज प्रत्यक्ष वापरतो की नाही, हे व्यवस्थापकाला कळत नाही. त्यामुळे यादी वाचल्याशिवाय तिला संमती न देणे हा या कामाचा मूलभूत नियम आहे.

या लेखात आज्ञांची व पॅकेजांची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती लहान रोमन अक्षरांत लिहावी लागतात आणि प्रणालीत बदल घडवणाऱ्या आज्ञेपूर्वी सहसा ‘सुडो’ हा शब्द जोडावा लागतो.

## पार्श्वभूमी

लिनक्स वितरणात प्रत्येक आज्ञावली, लायब्ररी, फॉन्ट किंवा कर्नल पॅकेजच्या स्वरूपात दिलेला असतो. पॅकेजमध्ये फायलींसोबत त्यांची माहितीही असते: नाव, आवृत्ती आणि ते चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतात. या शेवटच्या संबंधाला अवलंबित्व म्हणतात. अनेक आज्ञावल्या एकच लायब्ररी वाटून घेतात, त्यामुळे डिस्कवरील जागा वाचते आणि लायब्ररीतील दोष एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतो. मात्र याच वाटणीमुळे एखादी लायब्ररी काढणे सुरक्षित आहे की नाही, हे ठरवण्यासाठी तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व पॅकेजांचा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब पॅकेज व्यवस्थापक ठेवतो. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पात यासाठी डीपीकेजी हे मूळ साधन तयार झाले. अवलंबित्वे आपोआप सोडवणारे ॲप्ट हे साधन १९९९ मधील डेबियन २.१ या आवृत्तीत आले. रेड हॅट परंपरेतील वितरणांत आरपीएम हे मूळ साधन असून त्यावर पूर्वी यम व आता डीएनएफ हे व्यवस्थापक काम करतात.

डेबियनची नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी, उबुंटूची दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती दर दोन वर्षांनी, तर फेडोराची सुमारे दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होते. संगणक पूर्ण पुसून नव्याने मांडण्याऐवजी आहे तीच मांडणी पुढच्या आवृत्तीवर नेता येते. मात्र असे अनेक आवृत्तीबदल झालेल्या संगणकात प्रत्येक आवृत्तीचे काही ना काही अवशेष थराथरांनी साचत जातात.

## पॅकेजे मागे का राहतात

लायब्ररीचे नाव बदलणे. लायब्ररीच्या अंतर्गत रचनेत विसंगत बदल झाला की तिच्या पॅकेजचे नावही बदलते, जेणेकरून जुनी व नवी लायब्ररी शेजारी शेजारी राहू शकतील. डेबियन ११ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीचे १.१ मालिकेतील पॅकेज होते, तर डेबियन १२ मध्ये (जून २०२३) त्याची जागा ३.० मालिकेतील पॅकेजने घेतली. आवृत्तीबदलानंतर सर्व आज्ञावल्या नवी लायब्ररी वापरू लागतात, पण जुनी आपोआप निघून जातेच असे नाही.

व्यापक नामांतर. काही संगणक वेळ मोजण्यासाठी ३२ बिटांची संख्या वापरतात. ती १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरी पडणार आहे. यावर उपाय म्हणून डेबियन व उबुंटूने वेळमापन ६४ बिटांवर नेले. त्यासाठी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजनावांना ‘टी-६४’ हा प्रत्यय जोडण्यात आला. उबुंटू २४.०४ व डेबियन १३ या आवृत्त्यांवर आलेल्या संगणकांत जुन्या नावाच्या पॅकेजांची लांबलचक यादी दिसते, त्याचे हे एक कारण आहे.

संक्रमण पॅकेजे. पॅकेजचे नाव बदलल्यावर जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज काही काळ दिले जाते. त्यात केवळ नव्या पॅकेजवरील अवलंबित्व नोंदलेले असते. डेबियनमध्ये पूर्वी फॉन्टच्या पॅकेजांची नावे ‘टीटीएफ’ने सुरू होत. पुढे ती ‘फॉन्ट्स’ने सुरू होऊ लागली. भारतीय लिप्यांच्या फॉन्टसंचाचे जुने नावही या बदलात संक्रमण पॅकेज म्हणून काही काळ टिकले होते. नवे पॅकेज बसल्यावर जुन्या नावाच्या रिकाम्या पॅकेजाचे काम संपते.

भांडारातून वगळलेली पॅकेजे. देखभाल करणारे कोणी उरले नाही किंवा मूळ प्रकल्प थांबला, तर वितरण ते पॅकेज वगळते. पायथन २ या आज्ञाभाषेचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि पुढील काही वर्षांत बहुतेक वितरणांनी ती भांडारांतून काढली. आधी बसवलेल्या संगणकांत मात्र ती तशीच राहू शकते.

जुने कर्नल. नवा कर्नल बसवताना जुना मुद्दाम ठेवला जातो. नव्या कर्नलवर संगणक सुरू झाला नाही तर जुन्यावरून सुरू करता यावा, हा त्यामागील हेतू असतो.

बाहेरून आणलेली पॅकेजे. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली किंवा तृतीय पक्षाच्या भांडारातून आलेली पॅकेजे वितरणाच्या आवृत्तीबदलात सहभागी होत नाहीत. उबुंटूचे आवृत्तीबदलाचे साधन तर अशी भांडारे बदलापूर्वी बंदच करते. ती नंतर वापरकर्त्याला पुन्हा चालू करावी लागतात.

मांडणीच्या फायली. डेबियन परंपरेत पॅकेज साध्या रीतीने काढले तर त्याच्या मांडणीच्या फायली मागे ठेवल्या जातात. डीपीकेजीच्या यादीत अशा पॅकेजापुढे ‘आरसी’ ही अक्षरे दिसतात: पॅकेज काढलेले, मांडणी शिल्लक. पूर्ण बसलेल्या पॅकेजापुढे ‘आयआय’ असते.

## व्यवस्थापक ‘अनावश्यक’ कसे ठरवतो

पॅकेज बसवताना व्यवस्थापक एक खूण नोंदवतो. वापरकर्त्याने नाव घेऊन मागितलेले पॅकेज ‘हेतुतः स्थापित’ ठरते. त्याच्या अवलंबित्वामुळे ओढले गेलेले पॅकेज ‘स्वयंस्थापित’ ठरते. ॲप्ट ही नोंद ‘एक्स्टेंडेड स्टेट्स’ नावाच्या फायलीत ठेवतो. पुढे एखाद्या स्वयंस्थापित पॅकेजावर कोणतेही बसलेले पॅकेज अवलंबून राहिले नाही, की ते अनाथ मानले जाते. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा अशाच पॅकेजांची यादी करते.

या पद्धतीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली म्हणजे नको असलेले पॅकेज राहून जाणे. कधीकाळी एखादी लायब्ररी नाव घेऊन बसवली असेल, तर ती हेतुतः स्थापित ठरते आणि कोणालाही नको असली तरी यादीत येत नाही. दुसरी चूक अधिक त्रासदायक असते. दुसऱ्या पॅकेजाच्या ओघात आलेली आज्ञावली वापरकर्ता रोज वापरू लागतो, पण नोंदीत ती स्वयंस्थापितच राहते. मूळ पॅकेज नव्या आवृत्तीत वगळले गेले की ही आज्ञावली अनाथ ठरते.

अनाथ आणि कालबाह्य या दोन संज्ञांत फरक आहे. अनाथ पॅकेजावर कोणी अवलंबून नसते, परंतु ते नव्या भांडारात असू शकते. कालबाह्य पॅकेज सध्याच्या कोणत्याही भांडारात नसते, परंतु त्यावर इतर पॅकेजे अवलंबून असू शकतात. त्यामुळे या दोन याद्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

## साफसफाईची गरज

जागा वाचणे हे नेहमी सांगितले जाणारे कारण आहे, पण आजच्या डिस्कच्या आकारमानात काही लायब्ररींनी व्यापलेली जागा फारशी महत्त्वाची नसते. ‘बूट’ हा वेगळा, लहान विभाग असलेल्या संगणकात मात्र हे कारण गंभीर ठरते. संपूर्ण डिस्क कूटबद्ध केलेल्या मांडणीत असा विभाग असतो. तो जुन्या कर्नलांनी भरला की नवा कर्नल अर्धवट बसतो आणि पुढील सुरक्षा अद्यतनेही अडून राहतात.

सुरक्षा हे अधिक महत्त्वाचे कारण आहे. कालबाह्य पॅकेजाला नव्या भांडारातून दुरुस्त्या मिळत नाहीत. ओपनएसएसएल १.१.१ चा मूळ प्रकल्पाकडून मिळणारा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. ही लायब्ररी संगणकात राहिली आणि एखादी जुनी आज्ञावली ती वापरत राहिली, तर पुढे सापडणारे दोष तिच्यात तसेच राहतात. अद्ययावतीकरणाची आज्ञा मात्र ‘सर्व पॅकेजे अद्ययावत आहेत’ असेच सांगते, कारण तुलनेसाठी भांडारात नवी आवृत्तीच नसते. बहुतेक वापरकर्त्यांच्या ही गोष्ट लक्षात येत नाही.

तिसरे कारण पुढच्या आवृत्तीबदलाशी निगडित आहे. जुन्या व परक्या पॅकेजांची अवलंबित्वे नव्या पॅकेजांशी जुळत नाहीत आणि बदल मध्येच थांबतो. म्हणूनच डेबियनच्या प्रकाशन टिपा आवृत्तीबदलापूर्वी परकी पॅकेजे तपासण्यास सांगतात आणि बदलानंतर कालबाह्य पॅकेजांचा विचार करण्यास सांगतात.

## डेबियन, उबुंटू व बॉसमधील पद्धत

साफसफाईपूर्वी आवृत्तीबदल खरोखर पूर्ण झाला आहे, याची खात्री केली जाते. ‘डीपीकेजी ऑडिट’ ही आज्ञा अर्धवट बसलेली पॅकेजे दाखवते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून ‘यूनेम’ आज्ञेने नवा कर्नल चालू असल्याचे पाहिले जाते. नव्या कर्नलवर छापयंत्र, वाय-फाय व ध्वनी नीट चालतात, हे कळेपर्यंत जुना कर्नल काढला जात नाही. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर असावी.

पुढील टप्पे साधारणतः याप्रमाणे असतात:

1. तालीम. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ला ‘सिम्युलेट’ हा पर्याय जोडल्यास काहीही न काढता केवळ यादी दिसते.
2. वाचन. यादीतील अनोळखी पॅकेजाचे वर्णन ‘ॲप्ट शो’ने वाचता येते. ते कशामुळे आले, हे ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ सांगते.
3. खूण बदलणे. ठेवायच्या पॅकेजाला ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ या आज्ञेने हेतुतः स्थापित अशी खूण दिली जाते. त्यानंतर ते यादीतून वगळले जाते.
4. काढणे. यादी पटल्यावर ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ चालवली जाते. चालू असलेला आणि सर्वांत नवा कर्नल ही आज्ञा राखून ठेवते.
5. कालबाह्य पॅकेजे. ‘ॲप्ट लिस्ट’ला ‘ऑब्सोलीट’ हा शोधनमुना दिला की कोणत्याही भांडारात नसलेली पॅकेजे दिसतात. ती एकेक करून तपासून काढली जातात.
6. मांडणीचे अवशेष. ‘आरसी’ खुणेची पॅकेजे ‘ॲप्ट पर्ज’ने समूळ काढता येतात. मांडणीत स्वतः केलेले बदल पुढे लागणार असतील तर त्या फायलींची प्रत आधी घेतली जाते.
7. उतरवलेल्या फायली. ‘ॲप्ट क्लीन’ ही आज्ञा साठवणीतील पॅकेज फायली पुसते. बसलेल्या आज्ञावल्यांवर तिचा परिणाम होत नाही.

उबुंटूचे आवृत्तीबदलाचे साधन शेवटी कालबाह्य पॅकेजे काढायची का, असे स्वतःच विचारते. तपशील पाहूनच तेथे उत्तर द्यावे. प्रश्न नाकारला तरी नवी आवृत्ती नीट चालते आणि साफसफाई नंतर सवडीने करता येते.

टर्मिनल नको असल्यास सिनॅप्टिक या चित्रमय साधनात हीच माहिती गटवार मिळते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाच्या लिनक्स मालिकेत या साधनाची ओळख करून देण्यात आली आहे. अनाथ लायब्ररी शोधणारे डेबऑर्फन हे जुने साधन अनेक मार्गदर्शिकांत आढळते, परंतु डेबियन १३ मधून (२०२५) ते वगळण्यात आले.

## इतर वितरणांतील पद्धत

फेडोरात ‘डीएनएफ ऑटोरिमूव्ह’ अनाथ पॅकेजे काढते आणि ‘डीएनएफ लिस्ट एक्स्ट्राज’ भांडारात नसलेली पॅकेजे दाखवते. निवृत्त झालेली पॅकेजे काढण्यासाठी ‘रिमूव्ह-रिटायर्ड-पॅकेजेस’ हे स्वतंत्र साधन आहे. कर्नलांची संख्या डीएनएफ स्वतःच मर्यादित ठेवतो. ही मर्यादा सहसा तीन असते. मांडणीच्या जुन्या व नव्या फायलींचा मेळ ‘आरपीएमकॉन्फ’ने घालता येतो.

ओपनसुसेमध्ये झिपर अनाथ व अनावश्यक पॅकेजांच्या वेगळ्या याद्या देतो. आर्च लिनक्स अखंड अद्ययावत होत राहते, त्यामुळे तेथे आवृत्तीबदलाचा वेगळा दिवस नसतो आणि पॅकमनची अनाथ पॅकेजांची यादी अधूनमधून पाहावी लागते. फ्लॅटपॅक पद्धतीने बसवलेल्या आज्ञावल्या या हिशेबाबाहेर असतात. त्यांचे न वापरलेले घटक फ्लॅटपॅकच्या स्वतःच्या आज्ञेने काढावे लागतात.

## धोके

विदागार. डेबियन ११ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या विदागाराची १३ वी, तर डेबियन १२ मध्ये १५ वी आवृत्ती आहे. आवृत्तीबदलात नवे विदागार शेजारी बसते, पण जुन्यातील विदा आपोआप नव्यात जात नाही. तो ‘पीजी-अपग्रेडक्लस्टर’ या आज्ञेने न्यावा लागतो. दरम्यान जुने पॅकेज ‘कालबाह्य’ यादीत दिसते. ते समूळ काढताना विदाच्या निर्देशिकाही पुसायच्या का, असे विचारले जाते. प्रश्न न वाचता होकार दिल्यास सर्व नोंदी नष्ट होतात. याच धोक्यामुळे डेबियनने पोस्टग्रेसक्यूएलची पॅकेजे ऑटोरिमूव्हपासून सुरक्षित ठेवली आहेत. कालबाह्य पॅकेजे सरसकट काढणाऱ्या आज्ञेपासून मात्र हे संरक्षण मिळत नाही.

उपकरणांची पॅकेजे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, छापयंत्रे, स्कॅनर यांची चालक पॅकेजे अनेकदा उत्पादकाकडून थेट मिळतात. ती भांडारात नसल्याने कालबाह्य गणली जातात, मात्र ती काढल्यास टोकन ओळखले जात नाही आणि निविदा किंवा विवरणपत्र भरण्याचे काम थांबते.

भांडार बंद असणे. आंतरजाल नसलेल्या प्रयोगशाळेत, किंवा भांडारांची यादी अपुरी असलेल्या संगणकात, योग्य पॅकेजेही ‘कालबाह्य’ दिसू शकतात. यादी अनपेक्षितपणे मोठी असेल तर काही काढण्यापूर्वी भांडारांची मांडणी तपासली जाते.

हाताने पुसणे. पॅकेजाच्या फायली थेट पुसल्यास व्यवस्थापकाच्या नोंदीत ते पॅकेज बसलेलेच राहते आणि पुढील अद्ययावतीकरण फसते. ‘बूट’ विभाग भरल्यावर कर्नलच्या फायली हाताने काढणे हे याचे नेहमीचे उदाहरण आहे.

## मराठी वापरासंबंधीची पॅकेजे

मराठीतून संगणक वापरणाऱ्यांना फॉन्ट, लेखनपद्धती व भाषांतरे ही तीन प्रकारची पॅकेजे लागतात. ती बहुधा स्वतंत्रपणे मागितलेली नसतात. भाषा निवडताना किंवा एखाद्या संचाच्या ओघात ती येतात, म्हणून त्यांची खूण स्वयंस्थापित असू शकते. मूळ संच नव्या आवृत्तीत बदलला तर ती अनाथ यादीत दिसू शकतात.

देवनागरीचा एकही फॉन्ट न उरल्यास मजकुराऐवजी रिकामे चौकोन दिसतात. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ दिसणे हेही निवडलेल्या फॉन्टवर अवलंबून असते. लोहित या फॉन्टकुळाची मूळ घडण पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने केली आणि २००४ मध्ये रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली खुले केले. डेबियनमध्ये लोहितचे मराठीसाठी वेगळे पॅकेज आहे. फेडोरा ३६ मध्ये (मे २०२२) पूर्वनिर्धारित फॉन्ट म्हणून नोटो कुळाचा स्वीकार झाला. अशा बदलानंतर जुने फॉन्ट अनावश्यक वाटतात, परंतु दस्तऐवजात फॉन्टचे केवळ नाव साठवलेले असते. लोहितमध्ये टंकलेली जुनी प्रश्नपत्रिका किंवा ठरावाची प्रत लोहित काढल्यावर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडते आणि ओळी व पाने सरकतात.

टंकलेखनासाठी आयबस ही प्रणाली व ‘एम-१७-एन’ या संचातील इनस्क्रिप्टसारखे कळफलक वापरले जातात. हे पॅकेज निघून गेल्यास मजकूर वाचता येतो, पण लिहिता येत नाही. जागा वाचवण्यासाठी नको असलेल्या भाषांच्या फायली पुसणारे ‘लोकेलपर्ज’ हे साधनही जपून वापरावे लागते. ठेवायच्या भाषांत मराठीची निवड केली नाही, तर आज्ञावल्यांतील मराठी संदेश नाहीसे होतात आणि पॅकेज पुन्हा बसवेपर्यंत परत येत नाहीत.

## भारतातील संदर्भ

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉसची पहिली आवृत्ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली. भारतीय भाषांचा आधार हे तिचे एक उद्दिष्ट होते. शाळांसाठी एज्युबॉस ही वेगळी आवृत्तीही काढण्यात आली. डेबियनवर आधारित असल्याने बॉसमध्ये ॲप्टच्या वरील सर्व आज्ञा चालतात. मात्र तिची स्वतःची भांडारे व पॅकेजे असल्याने ‘डेबियनच्या भांडारात नाही’ म्हणजे ‘निरुपयोगी’ असा निष्कर्ष तेथे काढता येत नाही.

शाळा, ग्रंथालये व लहान कार्यालयांत एकच संगणक अनेक जण वापरतात. एका वापरकर्त्याला नको वाटणारे पॅकेज दुसऱ्याच्या रोजच्या कामाचे असू शकते. म्हणून अशा ठिकाणी काढलेल्या पॅकेजांची यादी जपून ठेवणे उपयुक्त ठरते. ॲप्ट आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ‘हिस्टरी’ नावाच्या फायलीत ठेवतो, तर डीएनएफचा इतिहास ‘डीएनएफ हिस्टरी’ने पाहता येतो. भांडारात उपलब्ध असलेले पॅकेज चुकून काढले गेले तर या नोंदीवरून ते ओळखून पुन्हा बसवता येते. कालबाह्य पॅकेज मात्र एकदा काढल्यावर नव्या भांडारातून परत मिळत नाही. म्हणून त्या यादीची तपासणी सर्वांत काळजीपूर्वक केली जाते.

## हेही पहा

* लिनक्स
* डेबियन
* उबुंटू
* फेडोरा
* मुक्त सॉफ्टवेअर
* प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक)
* इनस्क्रिप्ट